‘मु. पो. काय लिहू, दादा?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचे क्षयरोगाचे उपचार परवा पूर्ण झाले आणि थुंकीचा अहवाल निर्दोष आला. फोनवर आपण आभार मानू देत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते चारचौघांनी वाचावे अशीही माझी इच्छा आहे.

भाऊ चौदा महिने कच्चा कैदी होता. खटला अजून चालू आहे, त्याविषयी इथे लिहीत नाही. २०२२ अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, आणि अशा माणसाच्या जामिनाचा हुकूम कारागृहात केव्हा पोहोचेल याचा नेम नसल्यामुळे त्याची औषधे, कागद, पुढचा दवाखाना यांची तजवीज आधी कोणीच करून ठेवत नाही. भाऊही असाच एका शनिवारी संध्याकाळी सुटला. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, आणि मध्येच खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे त्याला पाठ होते. पण खिशात एकही गोळी नव्हती.

एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले, ‘जिथे सुरू केले तिथूनच आणा.’ दुसरीकडे केसपेपर काढणाऱ्याने नाव विचारण्याआधीच, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ‘कुठल्या गुन्ह्यात होता?’ असे विचारले. भाऊ तिथूनच मागे फिरला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. असे नऊ दिवस गेले. ज्या रोगाचे औषध सरकार फुकट देते, ज्याच्या रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदणीचा क्रमांक, देशात कुठेही चालतो, त्यासाठी आजारी माणसाला दारोदार फिरावे लागले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दहाव्या दिवशी आपण कराडला आलात. क्षयाच्या गोळ्या, तपासणीत वाढलेली निघालेली साखर, त्याची उडालेली झोप, या तिन्हींसाठी आपण कोणाकोणाला गाठलेत आणि महिन्यातून एकाच खेपेत सारे होईल असे कसे जुळवलेत, ते सगळे मला नीटसे ठाऊकही नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती पत्त्याची ओळ. भावाच्या जुन्या उपचारपत्रिकेवर पत्ता म्हणून कारागृहाचे नाव आणि बराक क्रमांक होता. आपण नवी पत्रिका पुढे ओढलीत. मी पत्ता सांगू लागलो, तेव्हा हातानेच मला थांबवून आपण त्याच्याकडे वळलात आणि विचारलेत, ‘मु. पो. काय लिहू, दादा?’

त्याने गाव सांगितले, मग तालुका, मग जिल्हा, आणि आपण विचारले नसतानाही ‘मारुतीच्या देवळामागे’ हे सांगितले. आपण तेही लिहिलेत. ओळ पुरेना, म्हणून समासात लिहिलेत. त्या दिवशी बसथांब्यापर्यंत तो माझ्या पुढे चालत होता.

ती ओळ लिहायला आपल्याला मिनिटभरही लागले नसेल. केसपेपरच्या खिडकीमागच्या त्या माणसालाही तेवढाच वेळ लागला होता. माणसाला माणसासारखे विचारणारे कोणी भेटले की पुढचे औषध अंगी लागते, हे मी माझ्या घरात पाहिले. निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या १,००० रुपयांत आईने त्याला अंडी आणि शेंगदाणे खाऊ घातले, आणि गावातल्या आशाताईंनी (आरोग्यसेविकेने) त्याची एकही गोळी चुकू दिली नाही. त्या दोघींनाही आपला फोन कधी येतो याची वाट असे.

उपचार संपल्यानंतरची पहिली तपासणी सहा महिन्यांनी आहे. मी सोबत येतो म्हटले, तर तो म्हणाला, ‘नको, मी एकटा जाईन.’

आपला ऋणी,
एका रुग्णाचा थोरला भाऊ