दिव्याचा ड्रायव्हर गेला, म्हणून छत फोडायचे?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (घरगुती दिवे)

विषय: छतातील एलईडी पॅनेल लाइटचे सुटे भाग न मिळणे आणि बंद केलेल्या मॉडेलच्या जागी बसेल असा पर्याय न देणे.

संदर्भ: आपल्या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवलेली माझी तक्रार आणि तिला ई-मेलने आलेले उत्तर. दोन्हींच्या प्रती सोबत आहेत.

महोदय,

२०२१ च्या दिवाळीआधी आम्ही नागपूरच्या फ्लॅटमध्ये हॉलला फॉल्स सीलिंग करून घेतले. त्यात आपल्या कंपनीचे आठ गोल पॅनेल लाइट बसवले, १५ वॅटचे, वॉर्म व्हाइट. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधल्या पॅसेजमध्ये आपलाच एक चौकोनी सरफेस लाइट लावला. आज हॉलमधले तीन बंद आहेत, एक लुकलुकतो आणि पॅसेजमधला कायमचा गेला आहे. वॉरंटी दोन वर्षांची होती, ती संपली, याबद्दल माझा वाद नाही. फुकट दिवे मला नकोत. पैसे मोजायची तयारी असूनही मला माझे दिवे पुन्हा पेटवता येत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आपले उत्तर दोन वाक्यांचे होते. "सदर मॉडेल बंद करण्यात आले असून त्याचे सुटे भाग स्वतंत्रपणे पुरवले जात नाहीत. कृपया नवीन श्रेणीतील उत्पादन खरेदी करावे." पहिल्या वाक्याने माझे बंद दिवे मोडीत निघाले आणि दुसऱ्याने चालू असलेलेही, कारण नव्या श्रेणीतला एकही दिवा जुन्यांच्या रांगेत बसत नाही. ते कसे, ते पुढे सांगतेच.

आमचे वायरमन घोड्यावर चढले आणि स्प्रिंगच्या क्लिपा दाबून त्यांनी बंद दिवा खाली घेतला. शेजारच्या चालू दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी डबी, काढून त्यांनी या बंद दिव्याच्या एलईडी प्लेटला जोडला. लख्ख उजेड पडला. मग उरलेल्या दोन प्लेटही तशाच तपासल्या, त्याही पेटल्या. म्हणजे तिन्ही दिव्यांतले एलईडी ठणठणीत आहेत. गेले आहेत ते फक्त ड्रायव्हर, काडेपेटीहून थोड्या मोठ्या अशा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या. ॲल्युमिनियमची फ्रेम, आतली प्लेट, पांढरे झाकण, क्लिपा, सगळे नव्यासारखे असताना आपण मला सांगता की हे सगळे फेकून द्या.

मग बाजारातून दुसरा ड्रायव्हर का लावत नाही, असे आपण विचाराल. आपल्या ड्रायव्हरवर छापले आहे: आउटपुट २७ ते ४२ व्होल्ट डीसी, ३५० मिलिॲम्पिअर. दुकानदार मात्र ड्रायव्हर वॅटवर विकतात. "पंधराचा द्या" म्हटले की पंधराचा मिळतो. त्याचा करंट वेगळा निघाला तर प्लेट एक तर मंद जळते, नाही तर जास्त करंटने तापून लवकर जाते. नेमका ३५० चा शोधून आणला, तर आपल्या वायरच्या टोकाची पिन त्याला बसत नाही, कारण ती पिन आपल्या कंपनीने स्वतःच्या मापाची केली आहे. पिन कापून वायरी पिळायच्या आणि वर टेप गुंडाळायचा, एवढाच मार्ग उरतो. वायरमन म्हणाले, "करून देतो काकू, पण उद्या वर काही झालं तर मला बोलू नका." लाकडी पट्ट्या आणि पीओपी यांच्यामध्ये बंद झालेल्या पोकळीत असा जोड मला नको आहे. हा प्रामाणिक माणूस आहे. आपल्या मदत केंद्रातल्या मुलीने तर मला "एलईडी दुरुस्त होतच नसतात" असे सांगितले होते.

आता आयुष्याविषयी. आपल्या खोक्यावर २५,००० तास असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. रोज सहा तास दिवा लावला तर याचा हिशेब अकरा वर्षांच्या वर जातो. माझे दिवे त्याच्या निम्म्यातही पोचले नाहीत. थोडी चौकशी केल्यावर कळले की हा आकडा साधारणपणे एलईडीचा असतो. त्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्यात मोजतात. ड्रायव्हरसाठी खोक्यावर कोणताच आकडा नाही. ड्रायव्हरमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो आणि उष्णतेने तो आतून सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा नेहमीचा ठोकताळा आहे. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो, दिवसभर स्लॅब तापतो, आणि त्या स्लॅबखालच्या चार बोटांच्या बंद जागेत आपली डबी पडून असते. संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा तिची स्वतःची उष्णता त्यात मिसळते. विदर्भात माल विकणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. जो भाग सगळ्यात आधी जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, नेमका तोच आपण सुटा विकत नाही.

आपले दुसरे वाक्य प्रमाण मानून मी नवीन श्रेणी बघायला विक्रेत्याकडे गेले. माझ्या छतातले भोक १७५ मिलिमीटरचे आहे. नव्या १५ वॅटच्या दिव्याची बाहेरची कडच १७० ची आहे, त्यामुळे तो भोकातून सरळ वर निघून जातो. त्याच्या वरच्या मापाला २०५ चे कटआउट लागते, म्हणजे तो आत शिरतच नाही. एक आत पडतो, दुसरा आत जात नाही. विक्रेत्याने सुचवले की आठही भोके करवतीने मोठी करून घ्या. पीओपी कापल्यावर घरभर किती भुकटी उडते, ते ज्याने केले आहे त्यालाच माहीत. सोफा, पंखे, पडदे, पुस्तके सगळे झाकायचे, कडा तडकल्या तर पुट्टी भरायची, आणि पुट्टीचे डाग दिसतात म्हणून अख्ख्या छताला रंग द्यायचा. तीन डब्या बिघडल्या म्हणून! शिवाय त्याच्याकडे वॉर्म व्हाइट नव्हताच. होता तो ४००० केल्व्हिनचा, आणि माझे ३००० चे आहेत. पिवळसर दिव्यांच्या रांगेत मधेच पांढरे दिवे कसे दिसतील, याची कल्पना आपल्या डिझाइन विभागाला असेलच.

क्लिपा सरकवून वेगवेगळ्या मापांच्या भोकांत बसवता येतील असे पॅनेल लाइट बाजारात मिळतात. तेव्हा हे तंत्र अवघड आहे, असे कृपया कळवू नये.

मी ट्यूबलाइटच्या काळातली आहे. ट्यूब गेली की ट्यूब आणायची, स्टार्टर गेला की स्टार्टर, चोक जळला की चोक. पट्टी भिंतीवर तशीच राहायची, रंग देतानासुद्धा कोणी तिला हात लावत नसे. ट्यूब एका कंपनीची आणि चोक दुसऱ्या कंपनीचा असला तरी घरात उजेड पडायचा. बल्बचेही तसेच. आपल्याकडच्या पिनच्या होल्डरचे, म्हणजे बी-२२ चे, माप सगळ्यांनी पाळले. त्यातून शंभर वॅटचा पिवळा बल्ब गेला, सीएफएल आला, सीएफएल गेला, एलईडी आला, पण होल्डर तोच राहिला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी कंपनी ईईएसएल २०१४ मध्ये जो बल्ब सुमारे ३१० रुपयांना घेत होती, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. मोठी खरेदी आणि खुली स्पर्धा हे त्याचे कारण, हे खरेच. पण बल्ब बदलण्यासाठी प्रत्येक घरात आधी होल्डर बदलावा लागला असता, तर एवढे बल्ब कोणी नेले असते का? घरात काहीही न फोडता तो लावता येत होता, म्हणून लोकांनी तो नेला.

आपल्या वेबसाइटवर आपण युरोपला माल पाठवत असल्याचे ठळकपणे लिहिले आहे. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दिव्यातला प्रकाशस्रोत आणि त्याचा वेगळा ड्रायव्हर नेहमीच्या हत्यारांनी, दिव्याचे कायमचे नुकसान न होता बदलता आला पाहिजे. तसे करणे शक्य नसेल तर उत्पादकाला त्याचे तांत्रिक कारण द्यावे लागते. माझे दिवे मी त्याच वर्षी घेतले. तिकडच्या ग्राहकासाठी जे आपल्याला जमते, ते नागपूरच्या ग्राहकासाठी का जमत नाही, याचे उत्तर मला हवे आहे. आपल्या देशातही ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकांना द्यावी, हाच त्याचा हेतू आहे. त्यात मोबाइल आणि गाड्यांबरोबर घरगुती वापराच्या वस्तूही आहेत.

पॅसेजमधल्या चौकोनी दिव्याबद्दल थोडक्यात लिहिते. त्यात ड्रायव्हर वेगळा नाहीच, एलईडीच्याच प्लेटवर सगळे भाग झाळले आहेत, आणि वरचे झाकण चिकटवलेले आहे. उघडायचे म्हटले तर ते फोडावे लागते. (इतके बंदिस्त असूनही पावसाळ्यातले चिलटे त्यात कुठून जातात, हे कोडे मला सुटलेले नाही.) माझ्या सासूबाई रात्री दोन-तीनदा त्या पॅसेजमधून बाथरूमला जातात. तिथे अंधार ठेवून आपल्या ई-मेलची वाट पाहणे शक्य नव्हते. तो दिवा काढून वायरमनने जागेवर पिनचा होल्डर असलेला काचेचा गोल लावला आणि आत ९ वॅटचा बल्ब टाकला. दिसायला तो आपल्या दिव्याइतका ऐटदार नाही. पण आता बल्ब गेला तर खालच्या किराणा दुकानातून नवा आणता येतो, आणि तो कोणत्याही कंपनीचा चालतो. स्वयंपाकघराचे काम पुढच्या वर्षी निघणार आहे, तिथेही मी हेच लावणार आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांची सीलिंगची कामे सुरू आहेत, त्यांना मी तीनच प्रश्न विचारायला सांगते: ड्रायव्हर सुटा मिळतो का, भोकाचे माप काय, आणि हे माप पुढेही राहील असे कंपनी लिहून देते का? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेते छताकडे बघतात.

माझ्या मागण्या अशा. माझ्या दिव्यांना बसतील असे, त्याच पिनचे आणि ३५० मिलिॲम्पिअरचे चार ड्रायव्हर मला द्यावेत. तीन बंद दिव्यांसाठी आणि एक लुकलुकणाऱ्यासाठी. त्यांची रास्त किंमत मी देईन. आपल्या गोदामात ते खरोखरच उरले नसतील, तर १७५ च्या भोकात छत न कापता बसणारे, ३००० केल्व्हिनचे आठही दिवे बदलून द्यावेत, कारण चार बदलले तर रंग जुळणार नाही. पॅसेजमधल्या दिव्याची किंमत परत करावी. तो दुरुस्त होण्याजोगा बनवलाच नव्हता, आणि हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. यापुढे तरी प्रत्येक खोक्यावर कटआउटचे माप, ड्रायव्हरचा करंट आणि ड्रायव्हर सुटा मिळेल की नाही, हे मराठीत किंवा निदान वाचता येईल अशा आकाराच्या अक्षरांत छापावे. ही शेवटची मागणी माझ्या एकटीसाठी नाही, त्यामुळे तिला एकटीच्या तक्रारीसारखे "नोंद घेतली आहे" असे उत्तर देऊ नये.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. माझ्याकडे बिल आहे, रिकामे खोके आहे आणि निवृत्त झाल्यामुळे वेळही आहे.

तिन्ही प्लेट मी भंगारात दिलेल्या नाहीत, कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. ड्रायव्हर कुरिअरने पाठवले तरी चालतील, बसवायला आपला माणूस नको. पाठवण्याआधी पिनचे माप मात्र सोबतच्या फोटोशी ताडून पाहावे.

कळावे,

आपली ग्राहक,
नागपूर

सोबत: खरेदी बिलाची प्रत; आपल्या ई-मेलची प्रत; ड्रायव्हरवरील छापील माहितीचा आणि पिनचा फोटो; छतातील भोकावर मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो; खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो.