परदेशी उन्हाळी इंटर्नशिप : पासपोर्ट आधी काढा

सभासदांनो, कॅनडातल्या विद्यापीठांत 12 आठवडे प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करायला मिळणारी मायटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप असते उन्हाळ्यात, पण अर्ज साधारण आदल्या सप्टेंबरमध्येच बंद होतात. प्रवासाला आणि राहण्याला पैसे मिळतात. तेव्हा ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली की बघू’ म्हणू नका.

पासपोर्ट नसेल तर आजच कामाला लागा. मागच्या खेपेला आपल्यातल्या एकीचं आडनाव आधारवर ‘वाय’नं, दहावीच्या सनदेवर ‘आय’नं. एवढ्यावरून दोन महिने गेले! ‘जागा पक्की करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

रविवारी सकाळी 10 वाजता शंकरनगरच्या नेहमीच्या खोलीवर या. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स आणा. तर्री-पोहे काम झाल्यावरच.