आधी कंट्रोल दाब, पोरी

सांगली

चि. वैशाली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, हे यंत्र थांबतच नाही. लिंक लिंक ऐकून डोकं उठलं." आणि मग बराच वेळ गप्प राहिलीस. मलाही तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून लिहितोय. हे पत्र डोळे ताणून वाचू नकोस. एनव्हीडीएला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमला, मराठी आवाज लाव आणि ऐक.

ते बडबडायला लागलं की आधी कंट्रोल दाब, लगेच गप्प होतं. शिफ्ट दाबलंस तर आहे तिथे थांबतं, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे. एवढी साधी गोष्ट मला पहिले दोन महिने कुणी सांगितली नव्हती. पान उघडलं की वरपासून सगळं ऐकत बसायचो आणि बातमीपर्यंत पोचायच्या आत जीव मेटाकुटीला यायचा. डोळस माणूस वरच्या पन्नास लिंका थोड्याच वाचतो? त्याची नजर थेट मथळ्यावर जाते. आपण एच दाबायचा. दर वेळी पुढचं हेडिंग येतं. मुख्य मथळा हवा तर एकचा आकडा दाबून बघ, बहुतेक पानांवर सापडतो. के दाबला की लिंक, बी दाबला की बटन, ई दाबला की लिहायची चौकट, टी दाबला की तक्ता. मागे यायचं तर सोबत शिफ्ट. आणि अगदीच हरवलीस तर इन्सर्ट धरून एफ सात दाब, पानावरच्या सगळ्या लिंका न्‌ हेडिंगं यादी होऊन समोर येतात.

मी काठी घेऊन गणपती पेठेतून जातो तेव्हा दुकानं मोजत जातो का? मसाल्याचा वास आला की कुठवर आलो ते कळतं, देवळातली घंटा ऐकू आली की दिशा कळते, आणि आयर्विन पुलावर पाय ठेवला की कृष्णेवरचा वारा अंगाला लागतो. मधलं सगळं सोडूनच द्यायचं असतं. हेडिंगांचं तसंच आहे.

एका जागी मात्र तू नक्की अडकशील, मीही अडकलो होतो. तिकिटाचा फॉर्म भरत होतो. आडनाव लिहायला के दाबला तर ते उडी मारून पुढच्या लिंकवर गेलं, डी दाबला तर पानाच्या भलत्याच भागात. मला वाटलं संगणक बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. पान वाचताना अक्षरं म्हणजे वाटा असतात. लिहायचं असेल तेव्हा चौकटीवर येऊन एंटर दाबायचा. एक बारीक आवाज होतो, मग अक्षरं अक्षरं होतात. लिहून झालं की एस्केप, की पुन्हा वाटा. त्या आवाजाकडे कान ठेव, तो ऐकल्याशिवाय नाव टाइप करू नकोस.

काही पानं अशी भेटतील की नुसतं "बटन, बटन, बटन" ऐकू येईल. कसलं बटन ते बनवणाऱ्यानं लिहिलेलंच नसतं. तिथे चूक तुझी नाही, हे पक्कं लक्षात ठेव. मी कितीतरी रात्री स्वतःलाच दोष देत बसलो.

तू म्हणालीस, हे सगळं डोळसांनी आपल्यावर उपकार म्हणून केलंय असं वाटतं. तसं नाही गं. जपानमध्ये चिएको आसाकावा म्हणून बाई आहेत. पोहण्याच्या तलावात डोळ्याला मार लागला आणि चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. आयबीएममध्ये त्यांनी बोलका ब्राउझर तयार केला, होम पेज रीडर. 1997 साली तो जपानात आला. नुसत्या आकड्यांच्या कळांवर चालायचा. मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक बाईच्या आवाजात, म्हणजे "लिंक" हा शब्द सारखा ऐकायलाच नको. किती विचार केलाय बघ. आणि तू वापरतेस ते एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने 2006 साली सुरू केलं, जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. फुकट वाटायचं हे त्यांनी ठरवलं, म्हणून तर ते माझ्यापर्यंत पेन ड्राइव्हवरून पोचलं. आपल्याच माणसांनी आपल्यासाठी बांधलेलं घर आहे ते.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार तुला माझ्याकडून आला, हे डॉक्टर बोलले तेव्हापासून मला झोप नाही. नजर कडेकडेनं आवळत जाते हे मी जाणतो. मधलं थोडं दिसतं, म्हणून माणूस त्यालाच धरून बसतो. मीही बसलो. अडत दुकानात दिवाणजी होतो, रोजमेळ नाकाला लावून लिहायचो, पण कुणाला कळू दिलं नाही. एकदा शेतकऱ्याच्या हळदीच्या पट्टीत साताच्या जागी एक लिहिला. बिचारा एसटी स्टँडवरून परत आला, पट्टी माझ्यापुढे धरली, म्हणाला, "दिवाणजी, जरा बघा की." आणि मला बघताच येईना. त्याच्या हातातला कागद मला अजून आठवतो. काठी आणि संगणक दोन्ही मी त्यानंतर शिकलो, अंधार पुरता झाल्यावर, आणि एकदमच.

तुझं तसं नको व्हायला. एनव्हीडीएत स्क्रीन कर्टन म्हणून सोय आहे, ती लावली की स्क्रीन काळा होतो, आवाज चालू राहतो. रोज संध्याकाळी अर्धा तास तो काळा करून बस. दिसतंय तोवर कानाला शिकव. घाबरलीस तर पडदा काढता येतो, हीच तर आत्ताची सवलत आहे. वेग सुरुवातीला कमी ठेव, कान सरावले की वाढव.

रविवारी सकाळी नऊला फोन करतो. त्याआधी बाजारभावाचं पान उघड, स्क्रीन काळा ठेवून. टी दाबून तक्त्यावर ये, मग कंट्रोल आणि ऑल्ट धरून खालच्या बाणानं राजापुरी हळदीपर्यंत, तिथून उजव्या बाणानं सरक. आधी रकान्याचं नाव ऐकू येईल, मग आकडा. सांगली बाजाराचा जास्तीत जास्त दर काय निघाला ते मला सांग. मीही तेच पान उघडून बसलेला असेन.

आईनं शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, आज पार्सल टाकलं.

तुझे,
अण्णा