धावपट्टी दिसली नाही, तर परत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पहाटेच्या धुक्यामुळे माझ्या सुनेचे विमान पुण्याच्या लोहगाव विमानतळावर न उतरता हैदराबादला गेले. तिला घ्यायला मी बाहेर उभा होतो. शेजारचे गृहस्थ चिडून म्हणाले, "एवढं कुठलं धुकं? समोरचा खांब दिसतोय की!"

खांब पन्नास पावलांवर होता. उतरणारे प्रवासी जेट सेकंदाला सुमारे ७० मीटर पुढे सरकते. साध्या आयएलएसवर, म्हणजे विमानाला धावपट्टीची दिशा आणि उतार दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर, उतरायलाही धावपट्टीवर किमान ५५० मीटर दिसावे लागते, म्हणजे जेमतेम आठ सेकंद.

मी हवाई दलात नॅव्हिगेटर होतो, बरीच वर्षे आयएल-७६ या मोठ्या मालवाहू विमानावर. त्या विमानात नॅव्हिगेटर वैमानिकांच्या खाली, नाकातल्या काचेच्या खोलीत बसतो. समोर जमीन दाखवणारा रडार, मांडीवर नकाशा. चंदीगडहून लेहला आम्ही पहाटेच निघायचो, दुपारी तिथे वारा उठतो. धावपट्टी साडेदहा हजार फुटांवर, भोवती डोंगर. दरीत ढग शिरले की वळायला जागा उरत नाही. म्हणून 'इथवर दरी मोकळी दिसली नाही तर परत' ही जागा मी निघण्याआधीच नकाशावर पेन्सिलीने आखून ठेवत असे. तिथे पोहोचल्यावर मी "परत" म्हटले की विमान वळे. त्यावर हुज्जत कधी झाली नाही.

एका जानेवारीत लेहहून परतलो, तर चंदीगडच धुक्यात बुडालेले. खालच्या रडार कंट्रोलरने सांगितले, "यापुढे उत्तर देऊ नका." मग फक्त त्याचा आवाज : दोन अंश उजवीकडे, उतार बरोबर, किंचित वर आहात. मी उंची वाचत होतो. २०० फुटांवर दिवे दिसले नसते तर पुन्हा वर जायचे, हे ठरलेलेच होते. २५० ला दिसले. ऐन थंडीत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

१९४८ साली सोव्हिएत वेढ्यातल्या पश्चिम बर्लिनला विमानांनीच माल पोचवला जात होता. १३ ऑगस्टला तिथल्या टेम्पलहॉफ विमानतळावर ढग पार खाली आले. एक मालवाहू विमान धावपट्टीच्या टोकाला आदळून जळाले, दुसऱ्याचे टायर फुटले, वर घिरट्या घालणाऱ्यांची गर्दी झाली. त्यानंतर या हवाई पुरवठ्याचे प्रमुख, अमेरिकेचे जनरल टनर यांनी नियमच केला : उतरण्याचा प्रयत्न एकदाच, नाही जमला तर भरल्या मालासह तळावर परत. खाली वेढ्यातले शहर त्याच पिठाची आणि कोळशाची वाट पाहत होते, तरीही.

आता सी-१७ आणि सी-१३०जे या हवाई दलाच्या नव्या मालवाहू विमानांमध्ये नॅव्हिगेटरची खुर्चीच नाही, ते काम संगणक करतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे तुमच्याआमच्या विमानांना रस्ता दाखवणारे कंट्रोलर गणवेशातलेच आहेत, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे?

आपल्या बातमीत 'प्रवाशांचा खोळंबा' हा मथळा होता. पुढच्या वेळी त्याखाली एवढे दोन आकडे छापावेत, ही विनंती : त्या क्षणी धावपट्टीवर किती मीटर दिसत होते, आणि उतरायला किती लागतात.

आपला,
एक निवृत्त नॅव्हिगेटर, विश्रांतवाडी, पुणे