बाबांच्या तोंडाची काळजी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही भाकरी सोडून मऊ भातावर आलात आणि कवळी काढून जेवता, असं आई म्हणाली. एचआयव्ही आहे म्हणजे तोंडाचं हे असंच चालायचं, असं धरून बसू नका. चवीनं खाता येणं, चार माणसांत मोकळं बोलता येणं हाही तुमच्या उपचाराचाच भाग आहे.

आधी तोंडातले पांढरे डाग. ओल्या कापसाने हलके पुसून निघाले आणि खाली लाल दिसलं, तर ती बहुधा कॅन्डिडा बुरशी. जिभेच्या कडेचा, पुसून न जाणारा पांढरा पट्टा मात्र वेगळा. तो डॉक्टरांना दाखवायचाच. बुरशीवर क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध मिळतं, साधारण ७ ते १४ दिवसांसाठी. डाग गेले की लोक ते थांबवतात आणि कवळीकडे कुणी बघत नाही. कवळीच्या बारीक खाचांत बुरशी ठाण मांडून बसते आणि टाळूला पुन्हा लागते. म्हणून आई, रोज रात्री कवळी काढायला लाव. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासायची. टूथपेस्टने चरे पडतात. मग रात्रभर गार पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात तिचा आकार बिघडतो. औषध चालू असेपर्यंत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनमध्ये (जंतू मारणारं चूळ भरायचं औषध) दिवसातून दोनदा १५ मिनिटं बुडवायची, नंतर नीट धुवायची.

घास गिळताना घशात, छातीत दुखलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे लावायचं औषध पुरत नाही. त्याच दिवशी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर, जा. एचआयव्हीच्या गोळ्या न चुकवताही डाग परत परत आले, तर रक्तातली साखर आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दोन्ही तपासून घ्या.

तोंड कोरडं पडणं मला जास्त काळजीचं वाटतं, कारण ते दुखत नाही. एचआयव्हीमुळे लाळग्रंथींवर परिणाम होऊ शकतो. शिवाय बीपीच्या, अॅलर्जीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनीही लाळ आटते. लाळ नसली की हिरडीलगत उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते आणि उरलेले दात भराभर जातात. घोट घोट पाणी पीत राहा. कोरडेपणावर खडीसाखर चघळू नका, त्याने कीड वाढते. किमान १००० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टने सकाळ-रात्र दात घासा. फेस थुंका, पण लगेच चूळ भरू नका. मिश्री मात्र बंदच. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा हिरड्यांतून रक्त, वेदना आणि घाण वास एकत्र असेल, तर वाट पाहू नका.

आई, लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. ताट-पेला वेगळा करू नकोस. ब्रश तेवढा प्रत्येकाचा स्वतःचा असावा.

दंतवैद्याला एचआयव्हीबद्दल आणि सगळ्या गोळ्यांबद्दल सांगा, म्हणजे औषधं एकमेकांत अडकत नाहीत. फक्त एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बेकायदा आहे. कुणी टाळाटाळ केली तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा आणि मलाही कळवा. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा रिपोर्ट बरोबर घ्या.

तुमची लाडकी,
लेक