ताई, त्या गुरुवारच्या फोनसाठी

आदरणीय ताई,
सा. न.

आज १ डिसेंबर. या तारखेला आपल्या जागेवर किती मेंढ्या-शेळ्या आहेत ते इथे इंग्लंडमध्ये दरवर्षी सरकारला कळवावं लागतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. सकाळी धुक्यात कुंपणाशी उभी राहून मोजल्या. ४ मेंढ्या, ६ कोकरं. रजिस्टरमध्ये १० लिहिले आणि तुमची फार आठवण आली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांना वाचता येईल असं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही श्रॉपशरमधल्या या अडीच एकरांत राहायला आलो. कोंबड्यांचं खुराडं तयार होतं, मेंढ्या शनिवारी यायच्या होत्या. विकणारा म्हणाला होता, चारच तर आहेत, कागदाचं नंतर बघू. गुरुवारी रात्री मी तुम्हाला फोन केला तो हिवाळ्यात वाळला चारा किती साठवावा हे विचारायला. तुम्ही चाऱ्याचं उत्तर दिलंच नाहीत. "सीपीएच नंबर आला का?" एवढंच विचारलंत. म्हणजे काउंटी-पॅरिश-होल्डिंग, जनावरं ठेवायच्या जागेचा सरकारी नंबर. मी म्हणाले, तो मोठ्या शेतकऱ्यांना लागत असेल ना? तुम्ही म्हणालात, "एक मेंढी हौसेनं पाळलीस तरी लागतो. आधी नंबर, मग मेंढी. शनिवारचं रद्द कर."

खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मुलांनी मेंढ्यांना नावंसुद्धा ठेवली होती. पण तुम्ही नुसतं थांबवून मोकळ्या झाला नाहीत. रविवारी दोन तास गाडी चालवत आलात, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलात आणि सगळं उलगडून सांगितलंत. नंबर नऊ आकडी असतो. पहिले २ आकडे काउंटीचे म्हणजे जिल्ह्याचे, मधले ३ पॅरिशचे म्हणजे त्यातल्या लहान भागाचे, शेवटचे ४ आपल्या जागेचे. इंग्लंडमध्ये तो रुरल पेमेंट्स एजन्सी या सरकारी संस्थेकडून मिळतो. मेंढ्या कुठून निघाल्या आणि कुठे पोचल्या, या दोन्ही जागांचे नंबर वाहतुकीच्या कागदावर लागतात. आमचा नंबरच नव्हता, म्हणजे विकणाऱ्याला तो कागद नीट भरताच आला नसता. मेंढ्या आल्या की ३ दिवसांत कळवायचं, ३० दिवसांत कळपाची वेगळी नोंदणी करायची आणि पहिले ६ दिवस आपल्याकडची मेंढी बाहेर हलवायची नाही.

कोंबड्यांच्या बाबतीतही मी चुकतच होते. ५० च्या आत असल्या तर नोंदणी लागत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तो नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून बदलला, आता एक कोंबडी असली तरी महिन्याच्या आत नाव नोंदवायचं, हे तुमच्यामुळे कळलं. "शेजारी बर्ड फ्लू निघाला, तर तुझ्या परसात सहा कोंबड्या आहेत हे त्यांना कळणार कसं?" या तुमच्या प्रश्नावर मी गप्प झाले.

मग तुम्ही एका लिफाफ्याच्या पाठीवर २००१ सालच्या लाळ-खुरकतीच्या साथीचा नकाशा काढलात. वर उत्तर इंग्लंडमधलं हेडन-ऑन-द-वॉल, तिथल्या डुकरांना न उकळलेलं खरकटं घातलं जायचं. तिथून लाळ-खुरकत जवळच्या मेंढ्यांना. त्या मेंढ्या हेक्सहॅमच्या बाजारात, मग लाँगटाउनच्या, आणि तिथून बाण थेट खाली नैऋत्येच्या डेव्हनपर्यंत. फेब्रुवारीत एसेक्समधल्या कत्तलखान्यात रोग लक्षात आला, तोवर तो देशभर पोचला होता. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. तुमचं पेन लाँगटाउनवर थांबलं होतं. "इथून कोण कुठे गेलं, हे शोधण्यातच वेळ गेला," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. त्या क्षणापासून तो नंबर मला नुसता सरकारी आकडा वाटला नाही.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हाचं तर मी कधीच विसरणार नाही. रोज रात्री ती शिळी पोळी कोंबड्यांसाठी बाजूला काढून ठेवायची. आपल्याकडे कोंबड्या उरलेल्या भाकरीवरच वाढतात, तिचं काय चुकलं? इथे घरातल्या स्वयंपाकघरातलं काहीही त्यांना घालणं कायद्यात बसत नाही, हे मला तिला समजावता येईना. तुम्ही तिचा हात धरून वाफ्यापाशी नेलंत, कोबीची बाहेरची पानं तोडून दिलीत आणि म्हणालात, "मावशी, ही घरात न नेता सरळ खुराड्यात टाका. चालतं." आईला देण्यातला आनंद परत मिळाला. आता तिकडून फोनवर ती सांगते, आपल्या गाईच्या कानातही बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, त्याच्याशिवाय बाजार बंद.

आणि सप्टेंबरात कोकरांना बिल्ले मारायचे होते तो दिवस. माझा हात थरथरत होता. तुम्ही पहिल्या कोकराचा कान उजेडाकडे धरलात, आतल्या शिरा दाखवल्यात, कूर्चेच्या दोन कडांमधली मऊ जागा माझ्या अंगठ्याला लावून दिलीत. चिमटा मात्र माझ्याच हातात ठेवलात. टक् असा आवाज आला, कोकरानं मान झटकली आणि आईकडे धावलं. त्या बिल्ल्यावर आमच्या कळपाचा नंबर होता.

एप्रिलमध्ये मेंढ्या पुन्हा व्यायच्या आहेत. मुलं तुमची वाट बघताहेत, चार दिवस तरी राहायला या. तुमचा तो लिफाफा मी रजिस्टरच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवलाय.

तुमची,
श्रॉपशरची धाकटी बहीण