माहितीपुस्तिका न वाचण्याचा दोष ग्राहकाचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'ग्राहक माहितीपुस्तिका उघडूनही पाहत नाहीत' हा कालच्या पुरवणीतील लेखाचा सूर वाचून राहवलं नाही. पुस्तिका पहिल्या पानापासून कुणी वाचत नसतं. काही अडलं की माणूस ती उघडतो, मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि आपली अडचण तिथे दिसली नाही की मिटून ठेवतो. यात ग्राहकाचं काय चुकलं?

माझ्या सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. रक्तातली साखर मोजायच्या मशीनवर, म्हणजे ग्लुकोमीटरवर, आकडा येईना, नुसतं 'लो'. सासऱ्यांना वाटलं सेल उतरले, ते ड्रॉवरमध्ये नवे शोधू लागले. मी पुस्तिका काढली. 'परिचय', 'वैशिष्ट्ये', 'घटक', 'मापन पद्धती', 'सामान्य माहिती'. यातल्या कशाखाली शोधायचं? अखेर 'तांत्रिक तपशील'मध्ये, मशीनचं वजन आणि साठवणुकीचं तापमान यांच्या मधोमध एक बारीक ओळ सापडली: साखर २० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास 'लो' दिसेल! तोवर नणंदेने अंदाजानेच साखरपाणी पाजलं होतं, म्हणून निभावलं.

साखर ७० च्या खाली गेली की शुद्धीवर असलेल्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे डॉक्टर सांगतातच. मग "स्क्रीनवर 'लो' दिसल्यास लगेच साखर द्या" हा मथळा पहिल्याच पानावर ठळक का नको? 'आकडा येत नाही', 'पट्टी आत जात नाही', 'सेल बदलायचे आहेत' असे मथळे द्या, घरातलं कुणीही बरोबर पान उघडेल. 'तांत्रिक तपशील' ही मशीन बनवणाऱ्याची सोय झाली. घाबरलेल्या माणसाला मशीनवर जे दिसतंय तेवढंच ठाऊक असतं, त्याने शोधायचं तरी कसं?

कंपनीला कळवलं, तर 'वेबसाइटवर व्हिडिओ आहे' एवढंच उत्तर आलं. आणि आपले लेखक सुचवतात, छापील पुस्तिका बंद करून क्यूआर कोड द्यावा! माझ्या सासऱ्यांकडे बटणांचा फोन आहे. त्यांनी काय करायचं?

जाता जाता आणखी एक. आपल्या आरोग्य पुरवणीतल्या चौकटी अलीकडे फिकट करड्या अक्षरांत छापल्या जातात. औषधांच्या वेळा, पथ्यं असा कामाचा मजकूर नेमका त्यांतच असतो आणि तो ज्येष्ठांना भिंगातूनही लागत नाही. कृपया तो काळ्या शाईत, मोठ्या टायपात छापावा.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली